दारावरची पेटी आणि काकूंचं दुसरं काम

प्रश्न : आईवडिलांचं घर विकायला काढलंय. घर रिकामं आहे आणि मी तिथून सहा तासांच्या अंतरावर राहते. किल्ली शेजारच्या काकूंकडे असते. एजंट चार. कोणी सकाळी सातला बेल वाजवतो, कोणी वेळ सांगून येतच नाही. काकू कंटाळल्यात, आणि त्यांचं काही चुकत नाही. एक एजंट म्हणतो, दाराला लॉकबॉक्स लावा, म्हणजे कोडने उघडणारी किल्लीची पेटी, आणि कोड सगळ्यांना देऊन टाका, परदेशात असंच चालतं. दादा म्हणतो, दाराशी किल्ली टांगून ठेवायची तर मग कुलूप तरी कशाला? कोणाचं ऐकू? आणि लावायचाच झाला तर कोणता, कुठे, कसा?
— दोघांच्या कात्रीत सापडलेली

उत्तर : एजंटचं अर्धं ऐका, दादाचं अर्धं. पेटी लावायला हरकत नाही. ‘कोड सगळ्यांना देऊन टाका’ एवढं मात्र मनावर घेऊ नका.

काकू सध्या दोन कामं करताहेत. किल्ली काढून देणं हे एक. दुसरं त्यांना स्वतःलाही काम वाटत नसेल : कोण आलं, किती जण होते, किती वेळ थांबले, जाताना दार नीट ओढलं का, आतला दिवा चालू राहिला का, हे सगळं त्यांच्या डोळ्यांखालून जातं. लॉकबॉक्स पहिलं काम चोख करतो आणि दुसऱ्याच्या वाटेला जात नाही. ते दुसरं काम कोणी करायचं हे ठरलं नाही, तर दादा म्हणतात तसंच होईल. ठरलं, तर साधी पेटीसुद्धा पुरते.

परदेशाचा दाखला अर्धवट आहे. अमेरिकेत आणि कॅनडात विक्रीच्या घरांवर अशा पेट्या असतात हे खरं. पण तिथल्या एजंटांच्या संघटना ‘सुप्रा’, ‘सेंट्रीलॉक’ यांसारख्या इलेक्ट्रॉनिक पेट्या वापरतात. प्रत्येक एजंटची ओळख वेगळी असते, तो स्वतःच्या फोनवरून किंवा कार्डाने पेटी उघडतो, आणि कोणी कधी उघडली याची नोंद राहते. ज्याची परवानगी काढून घेतली, त्याला पेटी दाद देत नाही. म्हणजे काकूंचं दुसरं काम तिथे यंत्रणा करते. तुमचा एजंट सुचवतोय ती बहुधा आकड्यांची साधी पेटी. तिला आकडे कळतात, माणूस कळत नाही.

या साध्या पेट्या दोन तऱ्हेच्या मिळतात. एकीत आकड्यांची चार चाकं फिरवून कोड जुळवायचा, दुसरीत बटणं दाबायची.

चार चाकांच्या पेटीत 0000 ते 9999 असे 10,000 कोड बसतात. ऐकायला भरपूर वाटतं. पण हलक्या बनावटीच्या पेटीत चाकं ढिली असतात आणि योग्य आकड्यावर आलेलं चाक बोटाला वेगळं लागतं. घेताना दुकानातच करून बघा : उघडण्याचा खटका ताणून धरा आणि एकेक चाक सावकाश फिरवा. एखादं चाक मधेच अडल्यासारखं किंवा खाचेत बसल्यासारखं वाटलं, तर ती पेटी तिथेच ठेवून या. चाकांची दुसरी खोड वापरणाऱ्यांच्या सवयीतून येते. एजंट पेटी उघडतो, किल्ली घेतो आणि झाकण तसंच ठेवून पार्टीला घेऊन आत जातो. पाऊण तास त्या उघड्या पेटीवर तुमचा कोड ठळक आकड्यांत वाचायला मिळतो. परत लावतानाही चारांपैकी फक्त शेवटचं चाक एका घराने सरकवणारे कमी नाहीत. किल्ली बाहेर असतानाही झाकण बंद आणि चारही चाकं विस्कटलेली, हे पहिल्याच दिवशी बजावून सांगा.

बटणांच्या पेटीचा हिशेब वेगळा आहे आणि तो विकणारा सहसा सांगत नाही. बहुतेक यांत्रिक बटण-पेट्यांमध्ये आकड्यांचा क्रम चालतच नाही. एक बटण एकदाच दाबलं जातं, आणि कोणती बटणं दाबली एवढंच आतली पट्टी बघते. कोड 2589 ठेवला तर 9852 नेही उघडते. त्यामुळे 10 बटणांच्या पेटीत 4 आकड्यांचे कोड दहा हजार नसतात, फक्त 210 असतात. एका प्रयत्नाला 10 सेकंद धरले तरी 35 मिनिटांत सगळे संपतात. रिकाम्या घरासमोर 35 मिनिटं कोणालाही मिळतात. 5 आकडे ठेवले तर 252, आणि 6 ठेवले की पुन्हा 210 वर उतरतो. 12 बटणांची पेटी मिळाली आणि कोड 6 बटणांचा ठेवला तर 924 होतात, म्हणून घ्यायची तर 12 बटणांची. कोड ‘बदलला’ म्हणून 2589 चा 8925 केला असेल तर काहीही बदललेलं नाही.

याच पेटीचा आणखी एक दोष : महिनाभर तीच बटणं दाबली की ती गुळगुळीत होतात, नाहीतर त्यांच्यावर बोटांचा मळ बसतो. क्रम लागतच नसल्यामुळे कोणती बटणं मळली एवढं दिसलं की काम झालं. अधूनमधून पूर्ण पट्टी ओल्या फडक्याने पुसा, आणि नवा कोड निवडताना जुन्यातली निदान निम्मी बटणं सोडून द्या. घराचा नंबर, फोनचे शेवटचे आकडे, जन्मसाल यांतलं काहीही नको. जाहिरातीतच घराचा पत्ता आणि तुमचा फोन असतो.

एवढं असूनही चाकं की बटणं असं विचाराल तर उघड्यावरच्या पेटीसाठी बटणंच बरी. रबरी झाकणाखाली ती पावसात टिकतात आणि उघड्या पेटीवर कोड दिसत नाही.

कोड बदलायची रीत एकदा हाताने करून शिका आणि काकूंनाही करून दाखवा. बटणांच्या पेटीचं झाकण उघडून उलटं धरलं की मागे छोटं पत्र्याचं किंवा प्लास्टिकचं झाकण असतं. ते काढल्यावर प्रत्येक आकड्यामागे बाण असलेलं बारीक बटण दिसतं, स्क्रूच्या डोक्यासारखं. आधी बाहेरचा ‘क्लिअर’चा खटका ओढून तसाच धरायचा, मग स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने हवा तो बाण अर्धा फेरा फिरवायचा. कोडातल्या आकड्यांचे बाण एका दिशेला, उरलेले सगळे उलट दिशेला. बाण तिरका राहिला तर तो आकडा धड कोडात नसतो आणि धड बाहेरही नसतो, आणि मग पेटी कधी उघडते, कधी नाही. म्हणून झाकण उघडं असतानाच नवा कोड दाबून खटका ओढून बघा, निदान तीन वेळा. आतली जीभ दर वेळी मोकळी सरकली तरच किल्ली ठेवून बंद करा. चाकांच्या पेटीत आत एक छोटी दांडी असते. ती एका बाजूला ढकलायची, नवे आकडे लावायचे, दांडी परत जागेवर आणायची. ती परत आणायला विसरलात तर पुढच्या माणसाने चाकं विस्कटली की तोच नवा कोड होऊन बसतो, आणि तो कोणालाच माहीत नसतो.

आता तुमची खरी अडचण. साध्या पेटीत एका एजंटकडून कोड काढून घेता येत नाही, सगळ्यांसाठी बदलावा लागतो, आणि त्यासाठी कोणीतरी दाराशी उभं राहावं लागतं. तुम्ही सहा तास लांब. यावर दोन वाटा आहेत.

पहिली वाट साध्या पेटीची, काकूंच्या थोड्या मदतीने. घर दाखवायचे वार ठरवून टाका, समजा बुधवार, शनिवार, रविवार, आणि वेळही ठरवा, सकाळी 10 ते संध्याकाळी 6. त्या दिवशी सकाळी काकू पेटीत किल्ली ठेवतील आणि संध्याकाळी काढून घेतील. उरलेले चार दिवस पेटी रिकामी लटकते, आणि रिकाम्या पेटीचा कोड कोणाला माहीत असला तरी बिघडत नाही. काकूंना दोन्ही वेळा मिळून पाच मिनिटं लागतात आणि कोणाची वाट बघत बसावं लागत नाही. संध्याकाळी किल्ली काढताना त्यांनी घरात एक फेरी मारावी. रविवारच्या फेरीनंतर कोड बदलून तुम्हाला फोनवर सांगावा. चार एजंटांपैकी एकाकडेच कोड ठेवून बाकीच्यांनी त्याच्यामार्फत यावं, ही कागदावर सर्वांत सोपी व्यवस्था. पण दलालीची वाटणी आली की एजंट एकमेकांना दार उघडून देत नाहीत, हे गृहीत धरा.

दुसरी वाट इलेक्ट्रॉनिक पेटीची. ब्लूटूथवर फोननेच उघडणारी घेऊ नका, कारण चार एजंटांना तेच ॲप घ्यायला लावणं हे वेगळंच काम होऊन बसतं. आकड्यांचा कीपॅड असलेली आणि ‘ठरावीक वेळेपुरता कोड’ देणारी बघा. शनिवारी 11 ते 1 एवढ्यापुरता कोड तुम्ही घरी बसून ॲपवर तयार करता, एजंटला कळवता, आणि 1 नंतर तो आपोआप मरतो. यासाठी पेटीला इंटरनेट लागत नाही. पेटी आणि ॲप दोघं एकाच गुप्त संख्येवरून आणि घड्याळावरून कोड मोजतात, म्हणून तो दोन्हीकडे जुळतो. बिघाडाचं मूळही त्याच घड्याळात असतं. पेटीचं घड्याळ मागेपुढे झालं की बरोबर कोडही चालत नाही आणि एजंट दारातून फोन करतो. सेल बदलल्यावर आणि त्यानंतर अधूनमधून, कोणीतरी ॲप असलेला फोन पेटीजवळ नेऊन वेळ जुळवून घ्यावी. नोंदींचंही तसंच आहे : वायफायचं जोडयंत्र नसेल तर कोणी कधी उघडली ही यादी पेटीतच पडून असते आणि फोन जवळ गेला की उतरते. सेल संपत आल्याचा इशारासुद्धा बऱ्याचदा तेव्हाच दिसतो. दाराशी रोज कोणी तुमचा फोन घेऊन जाणार नाही, म्हणून टांगतानाच नवे सेल घाला, उत्पादकाने सांगितलेल्या जातीचेच. सेल पूर्ण संपला तर बाहेरून 9 व्होल्टची बॅटरी टेकवून उघडता येईल अशी दोन टोकं बाहेर असलेलं मॉडेल निवडा. ही सोय नसलेली पेटी फुकट मिळाली तरी नको.

तुमच्या जागी आम्ही दुसरी वाट निवडू, आणि तरीही संध्याकाळची फेरी काकूंकडेच ठेवू.

पेटी कुठे लावायची? मुख्य दारावर, रस्त्यावरून दिसेल अशी नको. ती पाटी लावल्यासारखीच असते : घर रिकामं आहे आणि किल्ली इथेच आहे. बाजूच्या भिंतीवर किंवा आतल्या कठड्याला, छातीच्या उंचीवर, जिथे संध्याकाळीही आकडे वाचण्याइतका उजेड पडतो अशी जागा बघा. पायाशी लावलेली पेटी वाकून उघडताना किल्ली खाली पडते आणि खाली नेमकी गटाराची जाळी असते.

कडीची पेटी टांगायची तर दोन्ही टोकं जोडलेल्या लोखंडी गजात अडकवा. एल आकाराच्या हँडलला लावली तर टोकाकडून सरळ सरकून निघते, कापायचीही गरज पडत नाही. गोल नॉबला लावली तर पेटी तशीच राहते आणि नॉबचा स्क्रू काढून दोन्ही घेऊन जाता येतं. कडीच्या आतलं माप आणि गजाची जाडी आधी मोजा. कडीवर रबरी आवरण नसेल तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवा, नाहीतर वाऱ्याने आपटून महिनाभरात रंगावर चंद्रकोर उमटते.

भिंतीवरची पेटी जास्त पक्की, पण तिची ताकद भिंतीत असते. चारही स्क्रू पेटीच्या आतून जाणारे हवेत, म्हणजे झाकण उघडल्याशिवाय सापडणार नाहीत. भोक विटेत किंवा काँक्रीटमध्ये घ्या, दोन विटांच्या सांध्यात नको. गिलाव्याची जाडी सोडून स्क्रू आत निदान 35 ते 40 मिलिमीटर जायला हवा. नुसत्या गिलाव्यातल्या प्लगवर लावलेली पेटी पहारीच्या एका हिसक्यात भिंतीसकट हातात येते. पोकळ ब्लॉकच्या भिंतीला साधा प्लग धरत नाही, तिथे केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायन भरून घट्ट बसवलेला बोल्ट लागतो. पेटीची मजबुती कशी ओळखायची म्हणाल, तर ब्रिटनमध्ये पोलिसांचा पाठिंबा असलेली ‘सिक्युअर्ड बाय डिझाइन’ ही योजना आणि फोडाफोडीच्या चाचणीचं ‘एलपीएस 1175’ हे मानक आहे. पेटीवर यांतलं काही असेल तर ती खरोखर घाव घालून तपासलेली असते. ‘हेवी ड्यूटी’ एवढंच छापलेलं असेल तर त्याला काही अर्थ नाही.

पेटीपेक्षा जास्त फजिती किल्ली करते. जुन्या पद्धतीच्या लांब दांड्याच्या किल्ल्या छोट्या पेटीत मावतच नाहीत, म्हणून पेटी घेण्याआधी किल्ली मोजा आणि आतलं माप बघा. सेफ्टी डोअरची एक आणि मुख्य दाराची एक, एवढ्याच दोन ठेवा. कपाटाची, मागच्या दाराची, गाडीची असला जुडगा नको. तो मावला तरी झाकणात अडकतो, आणि कड्याचा तुकडा जिभेखाली गेला की पेटी बाहेरून उघडत नाही. डुप्लिकेट किल्ली करून आणली असेल तर ती दहा वेळा कुलपात फिरवून बघा. नवी किल्ली थोडी अडते आणि घाईतला माणूस ती आतच मोडतो. किल्लीला पत्ता लिहिलेलं लेबल लावू नका. कोणती किल्ली कोणत्या दाराची हे सांगायला एकीला रंगीत दोरा बांधला की पुरतं. कुलूप घट्ट झालं असेल तर ग्राफाइटची पूड फुंका. तेल घातलं तर धूळ धरून ते आणखी जाम होतं.

आता तुमचं दार ओढलं की आपोआप लागतं, की किल्लीने लावावं लागतं, हे बघा. लॅचचं दार असेल तर एजंटने दार उघडल्याबरोबर किल्ली पेटीत परत ठेवायची आणि मगच आत जायचं. किल्ली घरातल्या टेबलावर ठेवून सगळे बाहेर पडले आणि मागे दार लागलं, हा लॉकबॉक्समधला सर्वांत नेहमीचा घोळ आहे. दार किल्लीने लावायचं असेल तर ती एजंटच्या खिशात राहू दे, पण बाहेरून कुलपात लटकत ठेवायची नाही. काकूंकडे एक जादा किल्ली कायम राहते, ती पेटीत घालायची नाही.

एजंटांना एकच मेसेज चौघांना वेगवेगळा पाठवा, ग्रुप करू नका. साधारण असा : “घर दाखवायच्या निदान 3 तास आधी वेळ आणि पार्टीत किती जण आहेत ते कळवावं. कोड त्यानंतर फोनवर सांगीन, तो पुढे कोणाला देऊ नये आणि पार्टीसमोर मोठ्याने म्हणू नये. पार्टीला एकटं आत पाठवू नये. निघताना खिडक्या, मागचं दार, दिवे, पंखे बंद करून किल्ली पेटीत ठेवल्यावर मला ‘झालं’ एवढा मेसेज करावा.” हा ‘झालं’ महत्त्वाचा. तो आला नाही की तासाभरात तुम्ही फोन करायचा, आणि कोणी घेतला नाही तर काकूंना विचारायचं. एखाद्याने दोनदा टाळाटाळ केली तर त्याला कोड बंद. रंगारी, प्लंबर, बँकेचा मूल्यांकन करणारा माणूस यांना एजंटचा कोड कधीच द्यायचा नाही. त्यांच्यासाठी वेगळा, नाहीतर कोणीतरी समोर हजर.

घराच्या आतही एकदा फिरून या. आतल्या खुंटीवर मागच्या दाराची किल्ली लटकत असेल तर ती आधी काढा. पुढच्या दाराला एवढा बंदोबस्त आणि मागची किल्ली पाहुण्यांच्या हाताशी, असं सर्रास दिसतं. काकूंनी संध्याकाळच्या फेरीत मागच्या दाराची कडी आणि बाथरूमच्या खिडकीची खिट्टी हाताने दाबून बघावी. कोणी परत येण्याच्या विचाराने काही उघडं ठेवलं असेल तर ते नुसतं बघून कळत नाही.

घराचा विमा असेल तर पेटी लावण्याआधी विमा कंपनीला लेखी विचारा, उत्तरही लेखी घ्या. दोन गोष्टी विचारायच्या : घर रिकामं असताना संरक्षण किती दिवस चालू राहतं, आणि दार न फोडता, किल्लीने उघडून चोरी झाली तर दावा मान्य होतो का. दुसऱ्याचं उत्तर बऱ्याच पॉलिसींत ‘नाही’ असतं. दादांना पटवायचं तर हा कागद आधी हातात असू द्या. नाही असंच उत्तर आलं, तर घरातल्या हलवता येण्याजोग्या मौल्यवान वस्तू आधी हलवा आणि मग पेटीचा विचार करा.

टोकन घेतलंत की त्याच दिवशी पेटीतली किल्ली काढा. एजंट त्यानंतरही ‘फक्त एकदा दाखवतो’ म्हणून कोड मागतात. ताबा देताना किती किल्ल्या दिल्या ते आकड्यात लिहून सही घ्या, आणि घेणाऱ्याला कुलपाचा सिलिंडर बदलायला सांगा, कारण मधल्या काळात कोणी नक्कल करून घेतली का हे पेटीला विचारून कळणार नाही. इलेक्ट्रॉनिक पेटी पुढे कोणाला द्यायची असेल तर आधी ती तुमच्या ॲपमधून काढून टाका. नाहीतर ती दुसऱ्याच्या फोनवर नोंदवलीच जात नाही, आणि त्याच्या दाराच्या पेटीचे कोड तुमच्याच फोनवर तयार होत राहतात.